‘फिश’ आणि ‘मॅकरेल’ यांचं नातं कसं ओळखायचं? ‘प्रॉन’ ‘फिश’खाली येतो का?

‘इज अ काइंड ऑफ’ मध्ये घालून वाक्य करून बघा. ‘मॅकरेल इज अ काइंड ऑफ फिश’ जमतं, उलट केलं की फसतं. म्हणून फिश हा व्यापक शब्द, म्हणजे हायपरनिम, आणि मॅकरेल त्याचा हायपोनिम, म्हणजे त्याखाली येणारा शब्द. ‘फिन’ घालून बघा, वाक्य लगेच अडतं: फिन म्हणजे पर, तो माशाचा भाग असतो, प्रकार नव्हे. मुलं इथेच हमखास गल्लत करतात.

प्रॉनचं उत्तर: नाही. गोव्यात म्हापशाच्या बाजारात बांगडा (मॅकरेल), इसवण (सुरमई), सुंगटं (प्रॉन) शेजारी-शेजारी असतात आणि आपण कोंकणीत सरसकट ‘नुस्तें’, म्हणजे मासळी, म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत प्रॉन शेलफिशमध्ये, म्हणजे कवचवाल्या जलचरांमध्ये जातो. नावात फिश असूनही शेलफिश हा मासा नव्हे. दोघांना कवेत घेणारा शब्द सीफूड. मेन्यूकार्ड लिहिताना प्रॉन्स करी ‘फिश’ऐवजी ‘सीफूड’खाली घाला.

वाक्यात नकार आला की दिशा फिरते. ‘मी मॅकरेल आणला’ म्हणजे फिश आणलाच. पण ‘मॅकरेल आणला नाही’ यावरून फिश आणलाच नाही असं ठरत नाही, इसवण आणली असेल. ‘फिश आणला नाही’ म्हटलं की मॅकरेलही गेला. परीक्षेत खरे-खोटेचे प्रश्न बहुधा यावरच बेतलेले असतात.

हे नातं कायमचंही नसतं. ‘डीअर’ जुन्या इंग्रजीत कुठलाही प्राणी होता, आज फक्त हरीण. ‘मीट’ पूर्वी कुठलंही अन्न.