साठ हजारांचा कोर्स आणि लॅपटॉपवरची यादी

पत्र : मी बेळगावात उद्यमबागच्या एका फाउंड्रीत पॅटर्न शॉपला, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने बनवायच्या खात्यात, २२ वर्षं आहे. राहायला मजगावात. थोरली मुलगी टिळकवाडीच्या कॉलेजात बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. वेबसाइट गुगलवर वर आणायचं काम, एसईओ म्हणतात ते, तिला शिकायचंय. शहरातल्या एका क्लासवाल्यांनी सहा महिन्यांचे ६०,००० सांगितलेत, नोकरीची हमी देतो म्हणतात. एका ऑफिसात तिला संध्याकाळचं कामही मिळालं, महिना ८,०००. पण तिथं तिला अ‍ॅडमिशनच्या फॉर्मांवरून लोकांचे फोन नंबर उतरवून यादी करायला बसवलं, शिवाय खोट्या नावांनी दुकानांना पाच तारे द्यायला लावले. अकरा दिवस गेली, आता जायचं नाही म्हणते. तिथले साहेब म्हणतात, सगळेच करतात. तिच्या मैत्रिणी म्हणतात, एआय आल्यावर हे कामच राहणार नाही. आम्ही काय करावं?

आणि खाली मुलीच्या अक्षरात : ती यादी अजून माझ्या लॅपटॉपवर आहे. १,४०० नावं आहेत. तिचं काय करू?

उत्तर :

नमस्कार. तुम्ही बरंच विचारलंय, पण त्यातल्या सगळ्यात अवघड प्रश्नाचं उत्तर तुमच्या मुलीनं आधीच दिलंय. अकराव्या दिवशी ती त्या खुर्चीवरून उठली. तिला परत पाठवू नका. ८,००० रुपये घराला लागत असतील हे मला कळतं, तरीही नको.

माझा मुलगा दहावीला होता तेव्हा एका शैक्षणिक मेळाव्यात मी एक फॉर्म भरला होता. नाव, शाळा, चाचणीतले टक्के, फोन नंबर, घरचं उत्पन्न. तिसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. ज्यांना मी कधी नंबर दिला नव्हता ती माणसं माझ्या मुलाचे गणितातले मार्क मला सांगत होती. 'तुमच्याकडे हे आलं कुठून' असं विचारलं की फोन कट. दोन वर्षं हे चाललं. तो कागद कुणीतरी बसून टाइप केला असणार, संध्याकाळच्या कामाला लागलेल्या अशाच एखाद्या पोरीनं. तिला कुणी सांगितलंच नसेल की त्या प्रत्येक ओळीमागे एक घर आहे. तुमच्या मुलीला ते न सांगता कळलं.

या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवावी अशी एक गोष्ट आहे. ऑगस्ट २००६ मध्ये अमेरिकेतल्या एओएल कंपनीनं संशोधकांसाठी म्हणून सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांनी सर्चमध्ये टाइप केलेले जवळपास दोन कोटी शोध इंटरनेटवर ठेवले. नावं काढून टाकली होती, नावाच्या जागी फक्त आकडा. थोड्याच दिवसांत न्यूयॉर्क टाइम्सचे बातमीदार त्यातल्या एका आकड्याचा माग काढत जॉर्जिया राज्यातल्या ६२ वर्षांच्या एका बाईंच्या दारात पोचले. बाईंनी काय शोधलं होतं? बोटं बधिर होतात त्यावर उपाय, घरभर घाण करणारा कुत्रा, आपल्या गावातले बागकाम करणारे. एकेक शोध साधा, पण सगळे एकत्र वाचले की त्यातून सबंध माणूस उभा राहतो. कंपनीच्या तंत्रज्ञान विभागाच्या प्रमुखांना पद सोडावं लागलं. नाव काढलं म्हणजे माणूस लपला, असं नसतं. आणि तुमच्या मुलीच्या यादीत तर नावंही आहेत.

आपल्याकडे हा विषय नुसता चांगुलपणाचा राहिलेला नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो खटला ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचेच निवृत्त न्यायाधीश. पुढं २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले, आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत दिलीय, म्हणजे २०२७ च्या मध्यापर्यंत. कायद्याचा गाभा सोपा आहे. ज्या कामासाठी माहिती घेतली, ते काम सांगून आणि विचारून घ्यायची, आणि तेवढ्यासाठीच वापरायची. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती असेल तर पालकांची खात्रीशीर संमती लागते. माहिती नीट सांभाळली नाही तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. ज्या दुकानदारानं आपला नंबर स्वतःहून जगजाहीर केलाय त्याची गोष्ट वेगळी. अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवरचा नंबर तसा नव्हे, आणि ते फॉर्म भरणाऱ्यांत सतरा वर्षांची मुलं कितीतरी असणार.

खोट्या ताऱ्यांचं थोडक्यात सांगते. ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९००० : २०२२ हे मानकच आहे, आणि गुगलही खोटे अभिप्राय पकडून काढून टाकतं. तेव्हा हे कौशल्य शिकून पुढं काही पदरात पडत नाही.

डेटा संरक्षणाच्या त्या कायद्यात एक कलम आहे, ते वाचून मला आपल्या भागातल्या मुलांची आठवण झाली. संमती मागणारी सूचना माणसाला इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचता आली पाहिजे. त्या २२ भाषांत मराठी आहे, कन्नडही आहे. म्हणजे पतपेढी, दवाखाना, क्लास, सोन्याचं दुकान, जो कुणी वेबसाइटवर फॉर्म ठेवेल त्याला साध्या मराठीत आणि साध्या कन्नडात चार ओळी नीट लिहून देणारं माणूस लागणार. तुमची मुलगी घरात मराठी बोलते, बीसीए इथंच करतेय तर कन्नड आणि इंग्रजी कानावर आहेच. त्यातली कन्नड तिनं लिहिण्याइतकी पक्की करावी. सीमाभागात आपण भाषेपायी पुष्कळ सोसलंय. इथं त्याच दोन्ही भाषा तिच्या कमाईच्या होतील, आणि बेंगळुरूच्या किंवा पुण्याच्या मुलाला हे तिच्याइतकं सहज जमणार नाही.

आता मूळ काम. वेबसाइट वर आणणं म्हणजे गुगलला फसवणं, असं अनेक क्लासांत अजून शिकवतात. तो काळ गेला. कमी कसाचा मजकूर ओतणाऱ्या साइट गुगलनं २०११ मध्ये क्रमवारीत केलेल्या 'पांडा' नावाच्या बदलानं खाली गेल्या, विकत घेतलेल्या लिंकांवर उभ्या असलेल्या २०१२ च्या 'पेंग्विन' बदलानं. खरं काम आहे माणूस काय शोधतोय ते ओळखणं आणि त्याला ते वेळ न दवडता देणं.

आपल्या शहराच्या नावाचंच बघा. १ नोव्हेंबर २०१४ ला इंग्रजीतलं बेलगाम अधिकृतपणे बेळगावी झालं. हुबळीचं हुब्बळ्ळी, विजापूरचं विजयपूर त्याच दिवशी. पण कोल्हापूरचा पंप बनवणारा कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, शोधताना अजून जुनंच स्पेलिंग टाइप करत असेल, सरकारी टेंडरवाला नवं, आणि मोबाइलवर मराठी कीबोर्ड वापरणारा नुसतं 'बेळगाव'. ज्या फाउंड्रीच्या पानावर यातलं एकच रूप आहे, तिला काही गिऱ्हाइकं दिसतच नसतील. गुगल पुष्कळदा सांभाळून घेतं, पण सगळं त्याच्या भरवशावर सोडू नये. हे शोधायला कुणाचा नंबर लागत नाही.

गुगल सर्च कन्सोल नावाचं फुकट साधन आहे. साइटच्या मालकानं परवानगी दिली की लोक कुठले शब्द टाइप करून आपल्यापर्यंत आले, ते १६ महिन्यांपर्यंतचं मागचं दिसतं. बाळ, हे तुझ्यासाठी लिहिते : पहिल्यांदा उघडशील तेव्हा वर एकूण क्लिकचा आकडा एक दिसेल आणि खालच्या शब्दांसमोरच्या क्लिकची बेरीज त्याहून कमी येईल. चुकलं म्हणून घाबरू नकोस. दोन-तीन महिन्यांत जे शब्द काही डझन लोकांनीसुद्धा शोधलेले नसतात ते गुगल त्या तक्त्यात दाखवतच नाही, कारण त्यावरून माणूस ओळखू येऊ शकतो. ती बेरीज कमी का भरते, हे तू काम करतानाच शिक. ग्राहक तुला विचारेल, 'माझी बाकीची माणसं कुठं गेली?' आणि त्याला हे शांतपणे समजावून सांगता येणं हाच या कामाचा निम्मा भाग आहे. २०११ पासून गुगलनं शोधाचे शब्द साइटवाल्यांपासून झाकायला सुरुवात केली, १ जुलै २०२३ ला साइटवरची ये-जा मोजणारं जुनं अ‍ॅनालिटिक्स बंद केलं, त्याच्या जागी आलेल्या नव्यात आयपी पत्ता (इंटरनेटवरचा जोडणीचा क्रमांक) साठवला जात नाही. वारं त्याच दिशेनं आहे. कमी माहितीत अंदाज बांधणारा टिकेल, माणसांच्या याद्या जमवणारा नाही.

क्लासच्या ६०,००० बद्दल माझं मत स्पष्ट आहे : भरू नका. तुम्ही पॅटर्नचं काम शिकलात ते कुणाच्या तरी हाताखाली रंधा धरूनच ना? लोखंड थंड होताना आकसतं म्हणून माप किती मोठं धरायचं, हे हाताला कळायला वेळ लागला असेल. हे काम तसंच आहे. गुगलची स्वतःची एसईओ मार्गदर्शिका फुकट आहे, अ‍ॅनालिटिक्सचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र गुगलच्याच स्किलशॉप या साइटवर फुकट आहे. तरी क्लास लावायचाच असेल तर आधी तिथं जाऊन एवढंच म्हणा : 'तुम्ही सांभाळत असलेल्या एका चालू साइटचं सर्च कन्सोल, मालकाला विचारून, आमच्यासमोर उघडून दाखवा.' टाळाटाळ झाली की उठा. नोकरीची हमी कागदावर मागा.

त्याऐवजी तीन महिने एक साइट हाती घ्यावी. वडगावातल्या ओळखीच्या साडीवाल्याची, शहापुरातल्या कुंद्याच्या दुकानाची, नाहीतर तुमच्या मालकांना विचारून फाउंड्रीचीच. परवानगी लेखी घ्यायची, दोन ओळींची का होईना. आधी पेजस्पीड इनसाइट्स या गुगलच्या साधनावर पान उघडण्याचा वेग बघायचा. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा असं गुगलचं माप आहे. लहान साइट बहुतेक वेळा फोटोंनी अडलेली असते. मोबाइलवर काढलेला चार-पाच एमबीचा कास्टिंगचा फोटो जसाच्या तसा चढवलेला असतो. तो वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात दीड-दोनशे केबीवर आणला तरी डोळ्याला फरक कळत नाही, आणि कणकुंबीच्या बाजूला, जिथं रेंज येते-जाते, तिथंही पान उघडतं. आधीचा वेग, नंतरचा वेग, आधीचे शोध, नंतरचे शोध, सगळं तारखेनिशी वहीत लिहून ठेवायचं. मुलाखतीत ती वही कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा जड ठरेल.

एआयचं भय पूर्ण खोटं नाही. ऑगस्ट २०२४ पासून भारतातही गुगल शोधाच्या वरच एआयनं तयार केलेलं उत्तर देऊ लागलंय. 'अमुक म्हणजे काय' छापाचे लेख लिहून पोट भरणाऱ्यांचं अवघड आहे, त्या वाटेला जाऊ नये. पण उद्यमबागेत डक्टाइल लोखंडाचं अमुक वजनाचं कास्टिंग कोण करून देतं, हे एआयलाही कुठल्यातरी पानावरूनच वाचावं लागतं. ते पान खरं, ताजं आणि वाचता येईल असं ठेवणं हे काम राहणार आहे.

या धंद्याची दोरी एका मोठ्या कंपनीच्या हातात आहे, म्हणून तिच्या बातम्या वाचायची सवय लागली पाहिजे. ५ ऑगस्ट २०२४ ला अमेरिकेत न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगलनं सर्चमधली मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा निकाल दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये उपाय ठरवताना त्यांनी गुगलला क्रोम ब्राउझर विकायला लावलं नाही, पण काही सर्च डेटा स्पर्धकांना द्यायला सांगितला. क्रोममधल्या त्रयस्थ कुकीज (एका साइटवरून दुसऱ्या साइटवर माणसाचा माग ठेवणाऱ्या खुणा) काढणार म्हणून २०२० मध्ये जाहीर केलेला बेत गुगलनं जुलै २०२४ मध्ये सोडला. त्यावर उभारलेले कितीतरी कोर्स एका दिवसात शिळे झाले.

आता बाळ, तुझी यादी. कुणालाही पाठवू नकोस, त्या ऑफिसलाही परत नाही, 'एकदाच दे' म्हणाले तरी नाही. लॅपटॉपवरून काढ, रिसायकल बिनमधून काढ, ड्राइव्हवर किंवा स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप केलेली प्रत असेल तर तीही. मग ऑफिसला दोन ओळींचा मेल कर : अमुक तारखेपासून काम सोडत आहे, माझ्याकडची सर्व माहिती पुसली आहे. अकरा दिवसांचा पगार त्याच मेलमध्ये माग. मेल वडिलांना वाचून दाखव आणि मगच पाठव.