वाजवायला जातो, भांडून येतो

"मॅडम, बुधवारी प्रॅक्टिस असते आणि मंगळवारपासूनच माझं डोकं तापतं. बँड सोडू का?"

माझ्याकडे समुपदेशनाला आलेला, नाशिकमधल्या सातपूरच्या कारखान्यात क्वालिटीला असलेला, चौतिशीतला गिटारवाला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) ड्रमवाला लय पळवतो, गायक ऐन वेळी पट्टी बदलतो, कीबोर्डवाला घरून काहीच बसवून आणत नाही. "मी एकटाच सिरियस आहे." हे वाक्य मी ढोल पथकातल्या आणि भजनी मंडळातल्या लोकांकडूनही ऐकलंय. त्या बँडमधले बाकीचे चौघंही घरी हेच सांगत असणार, अशी मला दाट शंका आहे.

"मोकळेपणाने बोला त्यांच्याशी," असं मी पहिल्या भेटीत म्हणाले. चूक माझी, कसं बोलायचं ते सांगितलंच नाही. त्याने रात्री एक वाजता ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला. पुढचा बुधवार रद्द झाला.

दुसऱ्या भेटीत विचारलं, "लय पळाली की तुम्ही काय करता?"

"आवाज वाढवतो."

मग ड्रमवाला आणखी जोरात, मग गायकाचा माइक वर. प्रॅक्टिसनंतर रात्रभर कानात शीळ वाजते, हे त्याने जाता जाता सांगितलं. मी आधी त्याला कानाच्या डॉक्टरांकडे धाडलं. कामाच्या जागी 85 डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत चालतो असं मानतात; पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. 100 ला उरतात पंधरा मिनिटं. पत्र्याच्या गाळ्यात ड्रमसेटशेजारी तीन तास म्हणजे काय, ते त्यालाच मोजायला लावलं. क्वालिटीतला माणूस, आकडे लगेच पटले.

त्याचा अ‍ॅम्प म्हणजे गिटारचा स्पीकर जमिनीवर, पायाशी असायचा. तो खुर्चीवर, कानाच्या रोखाने ठेवला आणि निम्म्या आवाजात त्याला स्वतःची गिटार ऐकू आली. "पोटऱ्यांना कुठे कान असतात!" हे त्याचं वाक्य मी आता इतरांना ऐकवते.

मग मोबाइलवर अख्खी प्रॅक्टिस रेकॉर्ड करायची, पण लगेच ऐकायची नाही. दुसऱ्या दिवशी, राग उतरल्यावर. ड्रमवाला तीन गाण्यांत पळत होता. दोन गाण्यांत अंतऱ्याच्या तोंडाशी हा स्वतःच पळत होता. ती क्लिप त्याने ग्रुपवर टाकली, आधी स्वतःच्या दोन चुका लिहून. या वेळी उत्तरं आली.

कीबोर्डवाल्याचं मात्र काही झालं नाही. चहाच्या टपरीवर तो सरळ म्हणाला, "घरातून तीन तास सुटका मिळते, म्हणून येतो." यावर माझ्याकडे उपाय नाही, आणि तो बदलावा असंही मला वाटत नाही. एवढंच ठरलं की पहिला अर्धा तास नवीन गाण्याचा, नंतर लग्नात चालणारी नेहमीची गाणी. मनासारखं वाजवायला याने रविवारी सकाळी एक बासरीवाला गाठला. सगळी भूक एकाच बँडने भागवावी हा हट्ट सुटला, तेव्हा बुधवार जरा हलका झाला.

रंगपंचमीला पंचवटीतल्या एका मंडळात त्यांचा कार्यक्रम होता. नंतर भेटला तेव्हा कानामागे अजून हिरवा रंग होता. गायकाने स्टेजवर पुन्हा पट्टी चढवली म्हणे.

"मग?"

"कॅपो लावला, गिटारची पट्टी चढवायचा तो चिमटा. सहा वर्षं बॅगेतच होता."