डोंगरातल्या शाळेत संगणक शिकवायला निघण्यापूर्वी

इंदूरहून नेपाळच्या डोंगराळ भागातील शाळेत संगणक शिकवायला जाण्याचा तुमचा विचार कळला आणि मनापासून आनंद झाला. भारतीय नागरिकांना तिथे व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र तेवढे जवळ ठेवा.

इंटरनेटच्या भरवशावर एकही धडा आखू नका. नेपाळी शिक्षक महाबीर पुन यांनी तिथल्या म्याग्दी जिल्ह्यातील नांगीसारख्या दुर्गम गावांपर्यंत वायरलेस जाळे नेले आणि त्या कार्यासाठी त्यांना २००७ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तरीही वीज गेली की सारे ठप्प होते, हे मी अनुभवले आहे. म्हणून किविक्स या इंटरनेटशिवाय मजकूर वाचू देणाऱ्या मोफत प्रणालीत चालणारा ऑफलाइन विकिपीडिया इथूनच पेनड्राइव्हवर घेऊन जा.

नेपाळी भाषा देवनागरीतच लिहिली जात असल्यामुळे आपल्या मराठी माणसाची मोठी सोय होते. पहिल्या दिवशी मुलांना स्वतःचे नाव टंकित करू द्या. माझ्या वर्गातील एक मुलगी ‘लक्ष्मी’ लिहिताना हलन्ताची कळ शोधत बराच वेळ अडून बसली होती. मी मुद्दाम मध्ये बोललो नाही, आणि जोडाक्षर जुळताच तिने बाकावरच्या सगळ्यांना बघायला गोळा केले. शिकवणाऱ्याने हात मागे ठेवणे हेच तिथे सर्वांत अवघड असते.

एका संगणकावर चार-पाच मुले बसली की माऊस दांडगट मुलाकडेच राहतो, म्हणून पाळी ठरवून द्या. मुलांइतकाच वेळ तिथल्या शिक्षकांना द्या, कारण तुम्ही परतल्यावर ती खोली उघडी ठेवणार आहेत ते तेच.