डाएट आणि चालणं दोन्ही सुरू आहे, मैत्रिणींचा गटही आहे, तरी वजन ७१ किलोवर अडकलं आहे. काय करावं?

तुम्ही दिलेली माहिती आधी एका जागी मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ३६, उंची १५६ सेंटिमीटर, सुरुवातीचं वजन ७४. घर मुलुंडला, ऑफिस फोर्टमध्ये, बैठं काम. सोसायटीतल्या चौघी मिळून सकाळी ४५ मिनिटं चालायला लागलात, पहिल्या महिन्यात ३ किलो उतरले आणि पुढचा दीड महिना काटा हलला नाही. दोघींनी येणं सोडलं. घरात चार माणसं, महिन्याला ५ लिटर तेल, आणि जेवताना सासूबाईंचा आग्रह.

तुमच्या निश्चयात मला काही खोट दिसत नाही. अडचण अशी आहे की तुमच्याभोवती माणसं पुष्कळ आहेत, पण त्यांच्यापैकी कुणालाच नेमकं काम दिलेलं नाही. 'चल, आपण करू' एवढ्यावर एखादा महिना निघतो, त्यापुढे नाही. त्याकडे येतेच, पण आधी काट्याचं बघू.

पहिल्या महिन्यातले ३ किलो सगळेच्या सगळे चरबीचे नव्हते. खाणं कमी केलं की यकृतात आणि स्नायूंत साठलेलं ग्लायकोजेन वापरलं जातं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी निघून जातं. हा सुरुवातीचा वेग पुढे कुणालाच राहत नाही. १ किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. तुमच्या वयाला, उंचीला आणि बैठ्या कामाला दिवसाचा खर्च अंदाजे १,८०० ते १,९०० धरा. रोज १,४५० च्या आसपास खाल्लं तर आठवड्याला ३२० ते ४०० ग्रॅम उतरतील, आणि हा चांगला वेग आहे. मनानेच १,२०० च्या खाली जाऊ नका. सकाळी पोटाला मारलेलं संध्याकाळी फरसाणाच्या डब्यातून दुप्पट वसूल होतं.

मात्र दीड महिन्यात पाळीचं एक पूर्ण चक्र होऊन जातं, त्यामुळे 'अंगात पाणी धरलं असेल' हे कारण इथे पुरत नाही. खाणं आणि खर्च बरोबरीला आले आहेत, आणि कुठून तरी गळती आहे. मला तीन जागा दिसतात.

सर्वात मोठी तेलाची. ५ लिटर तेल म्हणजे साधारण ४,५५० ग्रॅम. चार माणसं आणि तीस दिवस धरले तर माणशी रोज ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या. थोडं तेल कढईला लागून आणि ओतून जातं, पण हिशोब फार बदलत नाही. तेच महिन्याला ३ लिटरवर आणलं तर माणशी २३ ग्रॅमच्या आत येतं आणि रोजच्या १३०-१३५ कॅलरी कमी होतात, तेही कुणाच्या ताटातला घास न काढता. 'कमी तेल घाला' असं सांगून हे होत नाही, कारण फोडणी घालणारा हात सवयीनेच चालतो. त्यासाठी मोजलेली बाटली लागते. दर रविवारी ७०० मिलिलिटर तेल एका वेगळ्या बाटलीत काढा, तेवढंच आठवडाभर वापरायचं. पोळीला लावायचं तेल आणि कणकेतलं मोहनही त्यातलंच. तळणीचं उरलेलं तेल फोडणीला वापरलंत तर तेही हिशोबात धरा. तूप, दाण्याचं कूट आणि ओलं खोबरं मात्र या बाटलीत मावत नाही, आणि आपल्या भाज्या तिथेच जड होतात. टेबलस्पूनभर कूट, म्हणजे १० ग्रॅम, ५५ कॅलरीच्या पुढे जातं. भाजी अख्ख्या घरासाठी असेल तर दोन चमचे पुरे, मूठ नको.

दुसरी जागा पोळी. तुम्ही 'फक्त चार पोळ्या' लिहिलं आहे, पण पोळी किती मोठी हे कुठेच नाही. ५० ग्रॅमच्या कणकेच्या गोळ्यात साधारण ३० ग्रॅम पीठ असतं, म्हणजे १०० कॅलरी. ७० ग्रॅमचा गोळा झाला की तीच पोळी १५० वर जाते, वर तेल लावलं तर आणखी ४०. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा आणून आठवडाभर गोळे तोलून करा. तेवढ्यात हाताला अंदाज येतो, जन्मभर तोलत बसायला नको. भाकरीबद्दलचा गैरसमजही इथेच काढून टाका. ज्वारीच्या एका नेहमीच्या भाकरीला ५० ते ६० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे एक भाकरी बिनतेलाच्या दोन पोळ्यांएवढी. भाकरी चांगलीच, पण पोळीच्या जागी 'हलकी' म्हणून दोन खाल्ल्या तर वजन कसं उतरेल?

तिसरी जागा संध्याकाळची. दुपारी एकला डबा आणि रात्री साडेनऊला जेवण. मध्ये साडेआठ तास, त्यात दोन-तीन चहा, आणि स्टेशनात वडापावचा वास. ४५ मिनिटांच्या चालण्यात बसून राहण्यापेक्षा जेमतेम १४०-१५० कॅलरी जास्त खर्च होतात आणि एक वडापाव अंदाजे ३०० चा. मन आवरण्याने हे सुटणार नाही, कारण भूक खरी आहे. पाच-साडेपाचला ऑफिसातच मूठभर फुटाणे, साधारण ३० ग्रॅम, आणि एक फळ किंवा बिनसाखरेचं ताक घ्या. दीड-दोनशे कॅलरीत स्टेशन पार होतं. चहा दिवसात दोनच, साखर अर्धा चमचा.

प्रथिनांकडेही बघा, कारण पोट भरल्यासारखं त्यांनीच राहतं आणि वजन उतरताना स्नायू टिकतात. तुम्हाला दिवसाला ६० ते ७० ग्रॅम हवीत. पातळ वरणाच्या वाटीत ती चार-पाच ग्रॅमच असतात. दोन अंडी १२ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीर सुमारे १८, तेवढाच बांगडा जवळपास २०, आणि ३० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ ७ ग्रॅम. बांगडा तळू नका. तवा पुसल्यासारखं तेल लावून भाजा, नाहीतर कालवण करा.

आता गट. माणसं सोबत असली की फरक पडतो, हे मोजलं गेलेलं आहे. १९९९ साली रीना विंग आणि रॉबर्ट जेफ्री या अमेरिकन संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकेकटे आलेल्यांपैकी २४ टक्के लोकांनी उतरवलेलं वजन दहाव्या महिन्यात पूर्ण टिकवलं होतं. तिघा ओळखीच्यांना घेऊन आलेल्या आणि एकमेकांना आधार द्यायची रीत ठरवून दिलेल्या लोकांत हेच प्रमाण ६६ टक्के होतं. त्यातलं 'रीत ठरवून दिलेल्या' हे महत्त्वाचं. नुसता व्हॉट्सॲप ग्रुप काढला की चौथ्या दिवशी त्यात सुप्रभातचे फोटो येतात.

उरलेल्या दोघी पक्की जोडी करा, तिसरी आली तर आली. 'सहाला खाली भेटू' असं मोघम ठेवू नका. सहा वाजून दहा मिनिटांनी एकीने दुसरीच्या दाराची बेल वाजवायची, आणि कोणत्या दिवशी कुणी वाजवायची ते ठरलेलं. येणार नसेल तर आदल्या रात्री दहाच्या आत कळवायचं. सलग दोन खाडे झाले की दुसरीने फोन करायचा आणि एवढंच विचारायचं: 'उद्या कितीला?' 'का नाही आलीस' विचारलं की माणूस तोंड चुकवायला लागतं. तुमच्या दोघी अशाच गेल्या असाव्यात, असा माझा अंदाज आहे. वेगाचंही एक. सगळ्यात फिट बाईच्या वेगाने गट चालला की मागे पडणारी पंधरा दिवसांत बंद होते. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग प्रत्येकीने आपापला धरावा.

'जी जास्त उतरवेल तिला बक्षीस' ही स्पर्धा लावू नका, मी याच्या पूर्ण विरोधात आहे. ज्यांचं वजन मुळात जास्त त्यांचं आधी भराभर उतरतं, मागे राहिलेली खचते, आणि वजनाच्या आदल्या दिवशी बायका उपाशी राहतात, पाणीसुद्धा पीत नाहीत. पैसे लावायचेच तर हजेरीवर लावा: दोघींनी भिशीसारखी महिन्याला ठरावीक रक्कम टाकायची आणि ज्या दिवशी न कळवता खाडा, त्या दिवसाचे वीस रुपये त्यातून कापायचे. रविवारी वीस मिनिटं बसून दोघींनी तीन आकडे सांगायचे: किती दिवस चाललो, किती दिवस खाणं लिहिलं, बाटलीत किती तेल उरलं. वजन सांगायची सक्ती नको.

वजन सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर, काटा उघड्या लादीवर ठेवून घ्या. पायपुसण्यावर किंवा सतरंजीवर ठेवला तर काटा चुकीचं दाखवतो. पापड-लोणच्याच्या जेवणानंतर किंवा पाळीच्या आधी एक-दीड किलो सहज वाढलेलं दिसतं. म्हणून मागच्या महिन्यातल्या पाळीच्या चक्राच्या त्याच दिवसांशी तुलना करा. कंबरही पंधरा दिवसांनी मोजा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या आत हवी.

चालण्याला आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम जोडा. खुर्चीवरून हात न टेकता बारा वेळा उठबस, भिंतीला टेकून बारा पुशअप, दोन किलो तांदळाच्या पिशव्या हातात घेऊन, वाकून त्या कमरेकडे खेचणं. हे तीनदा केलं की वीस मिनिटं होतात. जूनमध्ये पाऊस लागला की चालणारे गट फुटतात, त्यामुळे पर्याय आत्ताच ठरवा: जिने चढायचे, उतरताना लिफ्ट घ्यायची, कारण उतरण्याने गुडघ्यांवर जास्त भार येतो. सीएसएमटीवरून शेअर टॅक्सी न घेता ऑफिसपर्यंत चालत जा. श्रावणातल्या उपासांचंही आधी ठरवा. साबुदाणा, कूट, बटाटा आणि तूप मिळून खिचडीची एक ताटली ४५० ते ५०० कॅलरीला जाते. उपासाला दही, राजगिरा, फळं आणि वरीचा छोटा वाटीभर भात बरा.

थकवा, केस गळणं, बद्धकोष्ठता किंवा पाळी अनियमित असेल तर डॉक्टरांना दाखवून थायरॉइडची टीएसएच तपासणी करून घ्या. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन सुरू असेल तर खाणं कमी करण्याआधीच त्यांच्याशी बोला, डोस तोच राहिला तर साखर एकदम खाली येऊ शकते. बाजारातले वजन उतरवायचे शेक सोडून द्या. ते थांबवल्यावर घरातली पोळी आणि तेल होतं तिथेच असतं.

राहिल्या सासूबाई. त्यांना कॅलरी समजावायला जाऊ नका, वाद होईल. त्यांच्या आग्रहात काळजी आहे, तिला काम द्या. 'आई, आठवड्याचं तेल एवढंच, आणि ही बाटली तुमच्या ताब्यात. मलाही जास्त घालू देऊ नका.' असं सांगितलं की तीच व्यक्ती तुमच्या बाजूने उभी राहते, आणि हिशोब त्या तुमच्यापेक्षा चोख ठेवतील. ताट आधी स्वतः वाढून घ्या: वाटीभर भाजी, कोशिंबीर, उसळ, दोन पोळ्या. भात हवा असेल तर एक पोळी कमी. 'आणखी घे' म्हटल्यावर 'नको' म्हणू नका, भाजी किंवा ताक मागून घ्या, त्यांचा शब्द राहतो. पहिल्या आठवड्यात तेल गुरुवारीच संपेल, बहुतेक घरांत संपतं. तेव्हा मोठ्या डब्यातून भर घालू नका. शुक्रवार-शनिवार बिनफोडणीची आमटी, उकडलेली अंडी, भरीत, दह्यातली कोशिंबीर असं काढा आणि पुढच्या रविवारी बाटलीवर रोजच्या वापराच्या सात खुणा करून द्या.