ड्रोन आणि उपग्रह हाताशी असताना बलाढ्य सैन्य स्थानिक लोकांच्या प्रतिकारापुढे का अडतं?

आधी कॅमेऱ्याचा हिशेब मांडतो, कारण गैरसमज तिथूनच सुरू होतो.

ड्रोनवरच्या चांगल्या थर्मल, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या, कॅमेऱ्यात सहसा आडवे ६४० पिक्सेल असतात. खाली काहीतरी आहे एवढं कळायला माणसाच्या रुंदीत दोन पिक्सेल पुरतात. तो माणूसच आहे हे कळायला आठ लागतात, हत्यारबंद आहे की साधा गावकरी ते ओळखायला किमान तेरा, आणि तेही निम्म्याच वेळा जमतं. माणूस अर्धा मीटर रुंद धरला, तर अशी ओळख पटेल इतका स्पष्ट एका वेळी जेमतेम २५ बाय २० मीटरचा तुकडा बघता येतो. म्हणजे एका चौरस किलोमीटरला २,००० तुकडे. गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा आहे आणि छोट्या ड्रोनची बॅटरी अर्धा-पाऊण तास टिकते.

त्यात आपलं झाडीपट्टीचं रान. मे महिन्यात सागाची पानं गळून जमीन उघडी पडते, पण दुपारी ती माणसापेक्षा गरम आणि पहाटे थंड असते. मधे सकाळ-संध्याकाळ दोघांचं तापमान सारखं झालं की माणूस पडद्यावरून पुसला जातो. जुलैत जमीन थंड असते, पण वर पानं दाटतात, आणि उष्णतेचे किरण पानांतून आरपार येत नाहीत. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडची वाटच तुटते.

आता मार्च-एप्रिलची पहाट घ्या. बायाबापड्या अंधारातच मोह वेचायला निघतात, झाडाखालचा पाचोळा जाळलेला असतो. पडद्यावर नुसते पांढरे ठिपके. त्यातल्या कुणाच्या हातात काठी आणि कुणाच्या हातात बंदूक, हे कुणीतरी दूर बसून ठरवायचं. २९ ऑगस्ट २०२१ ला काबूलमध्ये अमेरिकी ड्रोनने एका गाडीवर सुमारे आठ तास नजर ठेवली आणि मग क्षेपणास्त्र सोडलं. स्फोटकं समजले ते पाण्याचे कॅन होते. दहा निरपराध गेले, त्यांत सात मुलं. असा मारा झाला की त्या वस्तीतून माहिती येणं कायमचं बंद होतं, आणि सैन्याला खरी गरज त्या माहितीचीच असते.

व्हिएतनाममध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झालं. उत्तर व्हिएतनाममधून लाओसच्या रानांतून दक्षिणेकडे माल नेणाऱ्या हो ची मिन्ह मार्गावर अमेरिकेने विमानांतून जमिनीत रुतणारे कंपन टिपणारे सेन्सर टाकले. त्यांचे संकेत थायलंडमधल्या नखोन फनोमच्या संगणकांवर जायचे. पण वारा, पाऊस, जनावरं यांनीही ते जागे व्हायचे. माणसाच्या अंगाचा अमोनिया हुंगणारं यंत्र आलं, तेव्हा लोकांनी झाडांना मुताच्या बादल्या टांगल्या. सायकलच्या हँडलला बांबू बांधून ती ढकलत नेली की २०० किलोच्या आसपास माल जायचा, त्याला ना पेट्रोल लागे ना पक्का रस्ता. या लाओसवर १९६४ ते १९७३ मध्ये वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब पडले. वाहतूक थांबली नाही, आणि त्यातल्या न फुटलेल्या बॉम्बांनी नंतरही शेतकरी आणि पोरं मरत राहिली. याचा मला आजही संताप येतो.

पण तंत्रज्ञान निरुपयोगी असतं असा अर्थ काढू नका. उघड्यावर येऊन, तुकड्या करून लढणाऱ्यांना ते लवकर मोडतं. लोकांत मिसळलेल्यांपुढे मात्र ते माणसांशिवाय लंगडं पडतं.

नक्षलवाद्यांना मी लोकप्रतिकार म्हणत नाही, त्यांनी मारलेल्यांत आदिवासीच फार. पण धडा तोच आहे. गडचिरोलीत १९९० मध्ये पोलिसांचं सी-६० हे कमांडो पथक उभं राहिलं तेव्हा हे ड्रोन नव्हते. गोंडी-माडिया बोलणारी, रानवाटा ठाऊक असलेली इथलीच पोरं घेतली. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याजवळ रस्त्यात पेरलेल्या सुरुंगाने १५ जवान आणि गाडीचा चालक गेले. मातीखालचा सुरुंग वरून उडणाऱ्या कॅमेऱ्याला सहसा दिसत नाही. रोजच्या वाटेवरची उकरलेली माती ओळखणारा आणि ते येऊन सांगणारा माणूस लागतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवाद्यांचा बडा नेता भूपती साठेक साथीदारांसह शरण आला, त्यात ड्रोनचा वाटा आहेच. पण रस्ते, मोबाइल टॉवर, आत्मसमर्पण योजना आणि गावांनी स्वतः केलेले नक्षलवाद्यांना गावबंदीचे ठराव यांचा वाटा मी त्याहून मोठा मानतो.