सागवानाच्या ढलप्या का उडतात?

प्रश्न : दादा, मी चोपड्याचा. जुनं घर उतरवलं तेव्हा आजोबांच्या दाराची सागवानी फळी निघाली, तिच्यावर वेल कोरून देव्हाऱ्याला लावायची आहे. कोरायच्या बारा पटाश्यांचा (लाकूड कापायच्या छिन्न्यांचा) सेट मागवला, पण पानाची एक बाजू गुळगुळीत निघते अन् दुसरीकडं ढलप्याच उडतात. लाकूड कडक आहे म्हणून का?

उत्तर : भाऊ, कडकपणाचा दोष कमी, दिशेचा जास्त. पानाचा काठ वळतो पण लाकडाची रेषा, म्हणजे त्याच्या तंतूंची दिशा, सरळच जाते ना, म्हणून एका बाजूला तुम्ही रेषेसोबत चालता अन् दुसऱ्या बाजूला रेषेच्या पोटात घुसता, मग पटाशी कापत नाही, उचकटते. तिथं फळी उलटी फिरवा किंवा पानाच्या टोकाकडून या. बरोबर दिशा सापडली की पातळ, गुंडाळलेली साल निघते आणि मागं लाकूड चमकतं, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की हात आपोआप शिकतो.

दुसरं म्हणजे धार. नव्या पटाशीला कामाची धार असेलच असं नाही, आधी तेलाच्या दगडावर लावा, मग चामड्याच्या पट्टीवर पॉलिशची पेस्ट लावून मागं ओढा. सागवानात सिलिका असते, धार लवकर मरते, त्यामुळं दर थोड्या वेळानं पट्टीवर पाच-सहा हात मारायचेच, कंटाळा करू नका. कापलेल्या जागी बारीक पांढरी रेघ दिसली तर धारेला खाच पडली समजा. बारा पटाश्या आता लागत नाहीत, एक सपाट, एक गोल, एक इंग्रजी व्ही अक्षरासारख्या टोकाची एवढ्यावर भागतं. ठोकायला लाकडी मोगरीच घ्या, लोखंडी हातोडीनं मुठी फुटतात.

आणि आजोबांची फळी सध्या ठेवून द्या, मनापासून सांगतो. वखारीतून शिवण झाडाच्या वाळलेल्या लाकडाचा तुकडा आणा, ते मऊ अन् कोरायला सोपं, त्याच्यावर हेच पान दहा-बारा वेळा काढा. आधी काठावरून उभी पटाशी मारून रेघ कापायची, मग बाहेरचं लाकूड चार-पाच मिलिमीटर खाली उतरवायचं, शेवटी पानाला गोलाई. ओलं लाकूड आणू नका, आपल्याकडच्या मे महिन्याच्या झळांनी ते टोकाकडून फाटतं.

सागवानाला हात लावाल तेव्हा फळीवर आधी लोहचुंबक फिरवा. जुन्या दारात मोडके खिळे आत राहिलेले असतात, वरून दिसत नाहीत, अन् एकाच खिळ्यात सगळी धार जाते.