कारच्या सीटवर दीड तासात कंबर धरते. सीट बदलून घेऊ, की कुशन पुरेल?

सीट बदलू नका, निदान एवढ्यात तरी. आणि कुशनची ऑर्डर दिली असेल तर ती थांबवा.

तुमची उंची ५ फूट १० इंच, गाडी मॅन्युअल हॅचबॅक, दीड तासात कंबर धरते, मांड्या अधांतरी राहून भरून येतात आणि शेजारी बसणारे वडीलही कुरकुरतात, असं तुम्ही लिहिलंय. मी तुमच्याहून इंचभर उंच आणि गाडी त्याच पठडीतली. पुणे-कोल्हापूर ही महिन्यातून दोनदा ठरलेली फेरी. पहिलं वर्षभर कराडला चहाला उतरताना मी दार धरून टप्प्याटप्प्याने सरळ व्हायचो. घडीची खुर्ची उघडतेय असं वाटतं, असं बायको म्हणायची.

मी सगळं उलट्या क्रमाने केलं. आधी जाड फोमचं रेक्झिन कव्हर, मग ऑनलाइन मागवलेली कमरेची उशी, मग टॅक्सीत असते तशी लाकडी मण्यांची जाळी. सात-आठ हजार गेले आणि दुखणं वाढलं. कव्हरमुळे मी दोन बोटं पुढे सरकलो, उशीने आणखी चार. लहान गाड्यांत मागच्यांना पाय ठेवायला जागा हवी म्हणून पुढच्या सीटची बैठक आधीच आखूड असते. त्यातली सहा बोटं मी पैसे देऊन घालवली. रेक्झिनवरून माणूस घसरतो तो वेगळाच. उन्हाळ्यात तर खंबाटकी चढेपर्यंत मी सीटवर अर्धा आडवा झालेलो असे.

खरी चूक निराळी होती. गाडीत बसलं की आपण आधी स्टिअरिंग धरतो आणि हात पोचतील तशी सीट पुढेमागे करतो. सीट पेडलपासून लावायची असते. नेहमीचे बूट घालून बसा (चपलेवर लावलेली सीट बुटांवर चुकते), मागच्या खिशातलं पाकीट काढा, आणि ढुंगण बैठक व पाठ यांच्या खाचेत अगदी आतपर्यंत रेटा. क्लच जमिनीपर्यंत दाबा. पूर्ण दाबलेल्या क्लचवरही डावा गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. तो ताठ होत असेल तर सीट दूर आहे. प्रत्येक गिअरला कंबर डावीकडे ओढली जाते आणि शहरातल्या ट्रॅफिकमध्ये हे दिवसातून शेकडो वेळा होतं. गुडघा स्टिअरिंगखाली अडत असेल तर सीट फार जवळ आहे.

मग पाठ. खांदे सीटला टेकलेले असताना हात लांब करून मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त गाड्यांत स्टिअरिंग वर-खाली होतं, पण आपल्याकडे ओढता येत नाही. त्यामुळे पाय जमले की उंच माणसाचे हात पोचत नाहीत. इथे सगळे सीट पुढे घेतात. तसं करू नका. सीट आहे तिथे ठेवा आणि पाठ दोन-तीन खाचा उभी करा. पहिल्या दिवशी शाळेच्या बाकावर बसवल्यासारखं वाटेल. आरामखुर्चीसारखं मागे रेलून खचलं की कमरेची नैसर्गिक कमान सपाट होते आणि स्नायूंचं काम मणक्यामधल्या चकत्या आणि अस्थिबंध यांच्यावर येऊन पडतं. कळ तिथून सुरू होते. छाती आणि स्टिअरिंगचा मध्य यांच्यात मात्र किमान २५ सेंटिमीटर अंतर हवं, एअरबॅगसाठी. हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या वरच्या कडेइतकी उंच घ्या. मानेत खुपसलेली हेडरेस्ट मागून धक्का बसल्यावर घातच करते.

आरसे सगळ्यात शेवटी लावा. त्यांचा एक छुपा उपयोग आहे. सकाळी नीट बसून लावलेला आतला आरसा संध्याकाळी खाली वळवावासा वाटला, तर आरसा हललेला नसतो, आपण खचलेलो असतो. आरशाला हात न लावता स्वतः वर सरका. मला सवय लावली ती याच एका युक्तीने.

आता मांड्या. सीट उंच करायचा खटका असेल तर तो आधी तपासा. काही गाड्यांत त्याने पूर्ण बैठक उचलली जात नाही, मागची बाजूच जास्त वर येते. म्हणजे जितकी उंच घ्याल तितकी बैठक पुढे कलते आणि मांड्यांखालचा आधार जातो. उंच माणसं समोरचं बोनेट दिसावं म्हणून सीट वर घेतात आणि मांडी का दुखते ते कळत नाही. मी तीन टप्पे खाली आणली आणि अर्धा प्रश्न तिथेच सुटला. डोकं आणि छत यांच्यात मूठ मावावी, एवढंच बघा.

एक गोष्ट आपल्या हातात नाही, पण माहीत असावी. उजव्या स्टिअरिंगच्या लहान गाडीत पुढच्या उजव्या चाकाचा कोनाडा ड्रायव्हरच्या पायांच्या जागेत घुसतो, म्हणून पेडल डावीकडे ढकलली जातात. धड स्टिअरिंगसमोर आणि पाय गिअरकडे, असं किंचित पिळून बसावं लागतं. त्यात डाव्या पायाला टेकायला जागा नसेल तर पाय क्लचवर तरंगत राहतो. क्लचप्लेट झिजते ती निराळी. हायवेला पाचवा गिअर पडला की डावा पाय मुद्दाम क्लचच्या बाजूला जमिनीवर टेकवा. पुढची गाडी घ्याल तेव्हा टेस्ट ड्राइव्हला टचस्क्रीनकडे नंतर बघा, आधी हे बघा.

एवढं करून आठ-दहा दिवस चालवा. तरीही कमरेशी पोकळी जाणवली तर उशी विकत न घेता घरातला हात पुसायचा टॉवेल गुंडाळी करून पँटच्या पट्ट्याच्या रेषेत, बेंबीच्या मागे येईल असा ठेवा. मनगटाएवढी जाडी पुरते. बाजारातल्या उश्या बहुतेकांना जाड पडतात आणि टॉवेलची गुंडाळी सैल करता येते.

फोमचं काम सगळ्यात शेवटी. गाडी ५-६ वर्षांची असेल तर बैठकीवर मूठ दाबून बघा; खालची तार किंवा पट्टी हाताला लागली तर फोम बसला आहे. दाराकडची कड आधी जाते, कारण उतरताना आपण रोज तिच्यावरून घसरतो. पुण्यात नाना पेठेत एका कुशनवाल्याने माझी बैठक उघडून पुढच्या कडेला ४० डेन्सिटीचा इंचभर फोम पाचरीसारखा चिकटवला आणि जुनंच कापडी कव्हर परत चढवलं. दोन तासांचं काम. ‘साहेब, रिबॉन्डेड टाकू का, आयुष्यभर बसणार नाही,’ असं तो म्हणत होता. बरोबरच आहे, फरशी पण बसत नाही. रिबॉन्डेड म्हणजे तुकडे दाबून चिकटवलेला फोम, तो दगडासारखा असतो, नको म्हणा. फक्त बैठकीला हात लावू द्यायचा. सीटच्या पाठीत बाजूची एअरबॅग असेल (कडेला तशी चिठ्ठी असते) तर तिच्यावरून घट्ट कव्हर अजिबात नको. ती शिवण फाडून बाहेर येते. सीटखालचा पिवळा कनेक्टर एअरबॅगच्या वायरिंगचा असतो, इग्निशन चालू असताना तो काढू देऊ नका. आणि सीटच्या पुढच्या बोल्टखाली वॉशर घालून ती उचलायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. अपघातात सीट त्या बोल्टांवरच धरून राहते. मी केलं नाही, तुम्हीही करू नका.

टायरची हवाही बघा. दाराच्या खांबावरच्या चिठ्ठीत ३३ लिहिलेलं असताना पंपावरचा पोरगा सवयीने ४० मारतो आणि रस्त्याची प्रत्येक सांध कमरेत येते. बसलेल्या माणसाचं शरीर सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा होणाऱ्या उभ्या हादऱ्यांना सगळ्यात जास्त साथ देतं, त्यामुळे हा त्रास फक्त मनाचा नसतो.

वडिलांसाठी: बाजूच्या सीटला बहुधा उंचीचा खटका नसतो, म्हणून त्यांना उतरताना गुडघ्यांवर जोर येतो. बैठकीवर दोन पदरी घट्ट चादर घालून बघा. पाठ मात्र झोपवू देऊ नका. ती फार मागे टाकली की सीटबेल्टचा पट्टा मांड्यांवरून पोटावर चढतो आणि जोरात ब्रेक लागला तर माणूस खालून निसटतो. झोप आली तर मागच्या सीटवर बसवा. दर दीड तासाला दोघांनीही पाच मिनिटं चाला. पोचल्या पोचल्या डिकीतून जड बॅग उचलू नका. तासन्‌तास बसून सैल पडलेली कंबर तेव्हाच लचकते. कळ पायात उतरत असेल किंवा पावलाला मुंग्या येत असतील तर सीटचा नाद सोडून आधी ऑर्थोपेडिककडे जा.

माझी गाडी बायकोही चालवते, ती ५ फूट १ इंच. ती सीट पार पुढे नेते, सर्व्हिसिंगवाला पार मागे, आणि दर वेळी पहिल्यापासून जुळवणी. शेवटी सीटच्या रुळावर खुणा केल्या: तिची लाल नेलपॉलिशची, माझी पांढऱ्या मार्करची.